कार्ट, कार आणि बायोडेटातला एक शब्द

वाचकाच्या पत्राचा सारांश :

मी २४ वर्षांचा आहे. मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त पिंपरी-चिंचवडला राहतो. गेले चार हंगाम मी १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनाच्या कार्टच्या, म्हणजे जमिनीलगतच्या उघड्या चारचाकीच्या, शर्यतींत उतरतो आहे. कार्ट स्वतःची आहे आणि पगारातला मोठा हिस्सा तिच्यावर खर्च होतो. माझा मोठा चुलतभाऊ दोन वर्षांपासून कोइमतूर आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सलून कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या बंद मोटारीवरून तयार केलेल्या गाड्यांच्या, शर्यती करतो. मागच्या महिन्यात माझ्यासाठी सांगून आलेल्या एका स्थळाची मंडळी घरी आली होती. माझ्या बायोडेटात ‘छंद’ या रकान्यात ‘मोटरस्पोर्ट’ असे लिहिले आहे. मुलीच्या वडिलांनी कुतूहलाने विचारले, “कोणती गाडी चालवता?” मी बोलण्याआधीच दादा हसून म्हणाला, “अहो, तो जत्रेतल्या गाड्या पळवतो. मोटरस्पोर्ट निराळं!” सगळे हसले, मीही हसलो, पण तेव्हापासून मन लागत नाही. कार्ट विकून, शिल्लक पैसे घालून, पुढचा एक हंगाम कारच्या शर्यतीत उतरावे असे वाटते. कार्ट रेसिंग हे खरोखर मोटरस्पोर्ट आहे का? कार्ट विकावी का? आणि बायोडेटात काय लिहावे?

उत्तर :

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे आणि त्यावर माझ्या मनात शंका नाही. तरीही एवढ्या एका शब्दाने तुमचे समाधान होणार नाही, कारण तुमच्या पत्रात हा प्रश्न ज्या जागी उभा आहे ती जागा ट्रॅकची नसून दिवाणखान्याची आहे. म्हणून आधी ट्रॅकचे बोलू आणि मग दिवाणखान्यात येऊ.

तुमच्या दादांच्या थट्टेमागे एक गैरसमज आहे आणि तो केवळ त्यांचा नाही. आपल्याकडे बहुतेकांनी कार्ट पाहिलेली असते ती मॉलच्या गच्चीवर किंवा सहलीच्या ठिकाणी, जिथे तिकीट काढून दहा मिनिटे फेऱ्या मारता येतात. त्या भाड्याच्या कार्टला सहसा पाण्याच्या पंपाला किंवा जनरेटरला लावतात त्या जातीचे फोर-स्ट्रोक इंजिन असते, साधारण सहा ते नऊ अश्वशक्तीचे. चारही बाजूंनी बंपर असल्यामुळे ती जडही असते. तुमची १२५ सीसी टू-स्ट्रोक कार्ट सुमारे ३० अश्वशक्ती देते आणि चालकासह तिचे वजन १६० किलोच्या आसपास भरते, म्हणजे दर अश्वशक्तीमागे जेमतेम साडेपाच किलो. एक टन वजनाच्या सलून कारमध्ये हेच गुणोत्तर साधायचे झाले, तर १८० ते १९० अश्वशक्तीचे इंजिन बसवावे लागेल. हा भागाकार दादांसमोर कागदावर मांडला तर बराच वाद तिथेच मिटेल. ‘गो-कार्ट’ हा एकच शब्द आपण या दोन्ही वाहनांना वापरतो, आणि माझ्या मते निम्मा घोळ त्या शब्दाने घातला आहे.

अर्थात कार्ट हे खेळणे असल्याचा आरोप अगदी निराधार आहे असेही म्हणता येत नाही. पहिली कार्ट १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी तयार केली आणि तिला इंजिन लावले ते गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनवलेले. पण हे इंगल्स नोकरी कुठे करत होते, तर इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी मोटारी बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात. म्हणजे हे खेळणे शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या हातांनी घडवले होते. पुढे १९६२ मध्ये जागतिक मोटार महासंघाने, म्हणजे फॉर्म्युला वन चालवणाऱ्या एफआयएनेच, कार्टिंगसाठी आपला स्वतंत्र आयोग स्थापन केला आणि १९६४ मध्ये पहिले जागतिक अजिंक्यपद झाले. आपल्या देशातही कारच्या राष्ट्रीय शर्यतींना मान्यता देणारा मोटर स्पोर्ट्‌स क्लबांचा महासंघ, एफएमएससीआय, कार्टिंगच्या राष्ट्रीय शर्यतींना मान्यता देतो. दादांचा परवाना आणि तुमचा परवाना यांचे मूळ एकच आहे.

संस्थांची मान्यता हा कागदोपत्री पुरावा झाला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्या यंत्राचे वागणे, कारण कार्ट म्हणजे लहान आकाराची मोटार, ही समजूतच मुळात चुकीची आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. मोटारीत हा फरक डिफरन्शियल सांभाळते. कार्टमध्ये डिफरन्शियल नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड अॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात आणि ती नेहमी सारख्याच गतीने फिरतात. अशी गाडी खरे तर वळायलाच तयार नसते. ती वळते याचे कारण असे की, स्टिअरिंग फिरवताच पुढच्या चाकांच्या ठेवणीमुळे आतले पुढचे चाक जमिनीवर दाबले जाते, सांगाडा पिळला जातो आणि आतले मागचे चाक क्षणभर उचलले जाते. ते चाक किती उचलले जावे आणि पुन्हा केव्हा टेकावे, यात वळणाचा सगळा जमाखर्च असतो. सस्पेन्शन नसल्यामुळे सांगाड्याच्या नळ्या हीच स्प्रिंग. आणि एकूण वजनात चालकाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे तुम्ही स्वतः त्या यंत्राचा एक सुटा भाग असता. सीट दोन सेंटिमीटर मागे सरकवली तर गाडीचा स्वभाव बदलतो. हवा तापली की कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक तोटी, बदलावा लागतो, टायरमधल्या हवेचा किंचितसा फरकही घड्याळात दिसतो. चार हंगाम हे सारे करणाऱ्या माणसाला मी तरी हौशी म्हणणार नाही. एकदा एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी अशा कार्टमध्ये पंधरा मिनिटे बसलो होतो. पुढचे चार दिवस बरगड्या खोकू देत नव्हत्या. पॉवर स्टिअरिंग नाही, पट्टा नाही, डोक्यावर पिंजरा नाही. उलटलीच तर चालक तिच्यात अडकून न राहता बाहेर फेकला जावा, म्हणूनच पट्टा मुद्दाम दिलेला नसतो, हे मला तेव्हा कोणीतरी अगदी शांतपणे समजावून सांगितले होते.

या विषयावर आयर्टन सेना यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फॉर्म्युला वनमध्ये ते १९८८, १९९० आणि १९९१ असे तीन वेळा जगज्जेते झाले. कार्टिंगचे जागतिक अजिंक्यपद मात्र त्यांना एकदाही मिळाले नाही. १९७९ आणि १९८० या दोन्ही वर्षी ते दुसरे आले. १९९३ मध्ये अॅडलेड येथे पत्रकारांनी त्यांना विचारले की, कोणत्या प्रतिस्पर्ध्याशी लढताना सर्वांत अधिक समाधान मिळाले. त्यांनी फॉर्म्युला वनमधल्या एकाही दिग्गजाचे नाव न घेता कार्टिंगच्या दिवसांतले इंग्लिश चालक टेरी फुलर्टन यांचे नाव घेतले आणि त्या काळात पैसा नव्हता, राजकारण नव्हते, निखळ शर्यत होती, अशा अर्थाचे उद्गार काढले. मायकेल शूमाकर फॉर्म्युला वनचे विद्यमान विजेते असताना २००१ मध्ये केर्पेन येथे, म्हणजे स्वतःच्या घरच्या ट्रॅकवर, कार्टच्या जागतिक स्पर्धेत उतरले आणि दुसरे आले. मॅक्स व्हर्स्टापेन यांनी २०१३ मध्ये गिअरच्या कार्टचे जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि दीड वर्षाच्या आत ते फॉर्म्युला वनमध्ये शर्यत करत होते.

परंतु ही उदाहरणे देताना आपण नकळत एक गोष्ट गृहीत धरतो आणि तिथे मला तुम्हाला थांबवावेसे वाटते. कार्टिंग महत्त्वाचे, कारण तिथून फॉर्म्युला वनचे चालक निघतात, असे म्हटले की कार्टिंगची किंमत पुन्हा मोटारीच्याच मापाने ठरते. जणू ती एक पायरी आहे आणि पायरीवर कायमचे उभे राहणे चुकीचे आहे. माइक विल्सन यांनी कार्टिंगचे जागतिक अजिंक्यपद सहा वेळा जिंकले. फॉर्म्युला वनमध्ये त्यांचे नाव कुठेच नाही. त्यांचे आयुष्य पायरीवर गेले असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. उलट बाजूही पाहा. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन यांची सुरुवात चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला मारुती या गटाच्या शर्यतीच्या मोटारीत झाली. डेमन हिल मोटरसायकलच्या शर्यतींतून आले आणि १९९६ मध्ये जगज्जेते झाले. आपल्या मुंबईचे जेहान दारूवाला मात्र कार्टिंगमधूनच घडले आणि २०२० मध्ये फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या गटातली, शर्यत जिंकणारे पहिले भारतीय ठरले. वाटा अनेक आहेत, एवढेच यातून निघते.

आता दादांच्या बाजूने थोडे बोलायला हवे, कारण त्यांच्या थट्टेत एक कणभर सत्य आहे आणि तुम्ही ते ऐकले नाही तर पुढे महागात पडेल. तुम्ही कोल्हापूरचे आहात, म्हणून तालमीतले उदाहरण देतो. खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅट त्यांच्या सवयीची नव्हती. ते सहावे आले. मग त्यांनी मॅटची कुस्ती वेगळी म्हणून आत्मसात केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. मातीतली कुस्ती खोटी होती, असे कोल्हापुरात कोणी म्हणून तर पाहावे! पण मातीतला जोर आहे म्हणून मॅटवर आपोआप जमेल, असेही त्यांनी मानले नाही. कार्ट आणि कार यांचे नाते मला असे दिसते. कार्टमधून तुम्ही डोळा, हात, वळणाची रेषा आणि दाटीत शिरण्याचा धीर घेऊन जाल. तिथे मात्र टनभर वजन ब्रेक दाबल्यावर पुढे झुकते, वळताना बाजूला कलते आणि ते झुकणे-कलणे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. कार्टची सवय लागलेला हात तेवढा वेळ थांबत नाही, तो स्टिअरिंगवर घाई करतो. शिवाय गिअर, आरसे, समोरच्या गाडीच्या आडोशाने मिळणारा वेग, आणि फेरी संपल्यावर गाडी नेमकी कुठे बिघडते आहे हे इंजिनिअरला शब्दांत सांगता येणे, हे सगळे नव्याने शिकावे लागेल. दादांनी दोन वर्षांत यातले काही ना काही नक्कीच कमावले आहे. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही; रागात तो राहून गेला असावा.

आता दिवाणखाना. तुम्ही लिहिता की कार्ट विकून ‘एक हंगाम’ कारच्या शर्यतीत उतरावेसे वाटते. मी ते पत्र तीनदा वाचले. त्यात कारच्या शर्यतीविषयी एकही ओळ नाही. कोणत्या गटात उतरायचे, कोणता ट्रॅक आवडतो, कोणत्या गाडीत बसावेसे वाटते, काही नाही. कार्टविषयी मात्र जिथे लिहिले आहे तिथे तुमचे अक्षरसुद्धा बदलते. त्यामुळे मला अशी शंका येते की तुम्हाला कारची शर्यत नको आहे, त्या संध्याकाळी जे उत्तर देता आले नाही ते उत्तर हवे आहे. माझी ही शंका चुकीची असू शकते आणि ती तपासण्याचा सोपा मार्ग आहे. स्वतःला विचारा : दादांनी उद्या शर्यती सोडल्या आणि या विषयावर घरात कोणी पुन्हा कधीच बोलले नाही, तरीही मला कारमध्ये बसायचे आहे का? उत्तर ‘हो’ आले तर पुढचे वाचा. ‘नाही’ आले तर कार्ट ठेवा आणि येणाऱ्या हंगामाच्या टायरांची सोय बघा.

‘हो’ असेल, तरी कार्ट आत्ता विकू नका. शर्यतीच्या कार्टला आपल्याकडे गिऱ्हाईक मोजके असते. घाईने विकणाऱ्याला भाव मिळत नाही आणि पुन्हा घ्यायची झाली तर तीच कार्ट त्या पैशांत येत नाही. आधी एखाद्या संघाकडून कारमध्ये सरावाचा एक दिवस पैसे भरून घ्या. शर्यत नको, सराव. त्या दिवशी सर्वांत वेगवान फेरीकडे फारसे लक्ष देऊ नका, कारण ती एखाद वेळी नशिबानेही लागते. शेवटच्या दहा फेऱ्यांच्या वेळांमधला फरक किती कमी होत गेला ते पाहा. घरी परतताना तुमच्या डोक्यात कारच्या वळणांचा विचार चालला होता की कार्टच्या, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा. जमले तर महिनाभराने दुसरा दिवस घ्या आणि मगच ठरवा.

पैशांचा हिशेब मांडताना बहुतेकजण एकच चूक करतात : प्रवेश शुल्क आणि सीटचे भाडे तेवढे मोजतात. आपल्याकडे नवखा चालक सहसा संघाची गाडी भाड्याने घेऊन उतरतो. गाडी ठोकली गेली तर दुरुस्ती कोणाच्या खिशातून आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. त्यात सरावाचे दिवस, प्रवास, मुक्काम आणि बिनपगारी रजा धरा आणि एक मोठा अपघात होणारच असे समजून बेरीज करा. ती बेरीज कर्ज काढल्याशिवाय निघत नसेल तर या वर्षी थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘एकच हंगाम’ म्हणून काढलेले कर्ज मनाला दुसऱ्या हंगामाकडे ओढत नेते, कारण पहिल्या हंगामात शिकण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. तुमच्या आरोग्य विम्याची कलमेही काढून वाचा. अनेक विम्यांत शर्यतींमधल्या दुखापती वगळलेल्या असतात, आणि ही सूचना कार्ट चालवतानाही तितकीच लागू आहे.

एक मधला मार्गही आहे, ज्याचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. तुमची कार्ट बिनगिअरची आहे, असे पत्रावरून वाटते. गिअरची कार्ट, जिला पुढच्या चाकांनाही ब्रेक असतात, ती चालवली तर कार्ट न सोडता नवे काही शिकता येते. मात्र तिचा खर्च आणि शरीरावरचा ताण दोन्ही वाढतात, म्हणून आधी कोणाकडून तरी दोन तास मागून पाहावी.

हे सदर वाचणाऱ्या पालकांसाठी थोडेसे. सात-आठ वर्षांच्या मुलाला कार्टमध्ये बसवताना तो पुढे फॉर्म्युला वनमध्ये जाईल का, हा प्रश्न बहुतेकांच्या तोंडी असतो. जगातल्या सर्व देशांची मिळून तिथे वीस-बावीस आसने आहेत. मुलाला फेऱ्या मारून झाल्यावर नट-बोल्टचे पाने घेऊन मेकॅनिकच्या शेजारी बसावेसे वाटते का, ते बघा. वाटत असेल तर पैसे वाया जाणार नाहीत. वाटत नसेल तर त्याला दुसरे काहीतरी आवडते आहे आणि ते काय, हे तो सांगेलच.

दादांशी भांडू नका, असे मी म्हणणार नाही, कारण पाहुण्यांसमोर केलेली ती थट्टा बरी नव्हती आणि ते त्यांना एकांतात सांगायला हरकत नाही. पण त्यांना हरवण्यासाठी त्यांच्या मैदानात जाऊ नका. त्यापेक्षा एखाद्या रविवारी त्यांना तुमच्या ट्रॅकवर बोलवा आणि तुमच्याच कार्टमध्ये वीस फेऱ्या मारायला द्या. त्यांच्या मापाचे हेल्मेट आणि बरगड्यांचे कवच मात्र आठवणीने न्या.

राहता राहिला बायोडेटा. ‘मोटरस्पोर्ट’ हा शब्द चूक नाही, पण तो मोघम आहे, आणि मोघम शब्दावर थट्टा करणे सोपे जाते. तो काढा आणि त्या जागी सरळ लिहा : ‘कार्ट रेसिंग, १२५ सीसी, चार हंगाम’. ‘छंद’ या रकान्यात ते ठेवावे की नाही, याचाही एकदा विचार करा. पगारातला मोठा हिस्सा जिथे जातो ती गोष्ट मुलीकडच्यांना पहिल्याच भेटीत, तुमच्याच तोंडून आणि खर्चाच्या आकड्यासह कळलेली बरी.